राजाचा आड आणि आमचा

वाङ्मय मंडळाच्या मॅडमनी या अंकासाठी ‘एक सहल’ असा विषय दिला आणि ग्रंथालयाच्या काउंटरपाशी येऊन मला म्हणाल्या, “तुम्ही मे महिन्यात इंग्लंडला जाऊन आलात ना? मग तुम्हीच लिहा की.” मी हो म्हटलं खरं, पण लिहायला बसले तेव्हा लंडनमधलं काही आठवेनाच. ती मोठी घड्याळाची इमारत, तो पूल, राजवाड्यासमोरची लाल डगल्यातली शिपाई मंडळी, सगळं बघितलं, फोटो काढले, ते फोनमध्ये आहेत. आठवला तो एक शनिवार, आणि त्या दिवशी बघितलेल्या दोन जागा. बेळगावच्या कुठल्या ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकात त्यांची नावं सापडायची नाहीत.

आधी घरचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. शहापुरात आमचं जुनं कौलारू घर आहे. मागे परडं, परड्यात आड. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. दादा चौदा वर्षांपासून तिकडे रेडिंगला असतो. घरात आई आणि मी. गेल्या वर्षी घराला गिऱ्हाईक आलं. माझं म्हणणं, विकून टाकूया. वासे वाळवीनं पोखरलेत, दर पावसाळ्याच्या आधी कौलं परतायला माणूस शोधायचा, तो आज येतो उद्या येतो म्हणत मिरग आणतो, आणि पहिल्या पावसाला स्वयंपाकघरात तीन पातेली मांडायची. दादाचं म्हणणं, विकायचं नाही. “बाबांचं घर आहे ते.” फोनवर या वाक्याच्या पुढे आमचं बोलणं कधी गेलंच नाही. पुढे पुढे आईनं फोन माझ्याकडे देणंच बंद केलं.

आई कुठल्याच बाजूनं बोलत नव्हती. दादानं दोघींची तिकिटं पाठवली तेव्हा एवढंच म्हणाली, “नातवंडं बघून येतो.” आमच्याकडच्या बायका ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’च म्हणतात, हे बाहेरच्या वाचकांसाठी. माझ्या बॅगेत घराची कागदपत्रं होती. दादाची सही झाली असती तर काम झालं असतं. म्हणजे सहलीला मी काही मोकळ्या मनानं गेले नव्हते.

तिकडे शनिवार-रविवार म्हणजे कुटुंबानं बाहेर पडायचं, असा जवळजवळ नेमच आहे. आदल्या रात्री हवामान बघायचं, सकाळी डबे भरायचे, मुलांचे चिखलात घालायचे रबरी बूट गाडीच्या डिकीत टाकायचे, ऊन असो नसो रेनकोट घ्यायचे. वहिनीच्या पर्समध्ये नॅशनल ट्रस्टचं सभासद कार्ड होतं. ही संस्था १८९५ मध्ये सुरू झाली. जुनी घरं, बागा, समुद्रकिनारे, टेकड्या विकत घ्यायच्या किंवा दान म्हणून घ्यायच्या आणि लोकांसाठी राखायच्या, हे तिचं काम. वर्षाची वर्गणी भरली की देशभरातल्या त्यांच्या जागा बघायला वेगळं तिकीट पडत नाही. त्यामुळे लोक पैसे वसूल करायला म्हणूनसुद्धा फिरतात, असं वहिनी म्हणाली. हे मला फार आपल्यातलं वाटलं.

त्या शनिवारी पहिल्यांदा बॅसिल्डन पार्कला गेलो. रेडिंगहून थेम्सच्या काठाकाठानं अर्ध्या तासाचा रस्ता. उतारावर पसरलेलं कुरण, जुनी झाडं, आणि वर मधासारख्या रंगाच्या दगडाचं भलंमोठं घर. दारातच मुलांच्या हातात एक कागद आणि पेन्सिल दिली. प्रत्येक खोलीत काहीतरी शोधायचं आणि खूण करायची. सहा वर्षांची भाची त्यात अशी रमली की घर तिनं बघितलंच नाही, नुसतं शोधलं. प्रत्येक खोलीत एक म्हातारे गृहस्थ किंवा बाई खुर्ची टाकून बसलेल्या. पगार नाही. हौसेनं येतात, आणि विचारलंत तर अर्धा तास सांगत बसतात.

हे घर बांधलं फ्रान्सिस साइक्स नावाच्या माणसानं, १७७६ पासून पुढच्या सातएक वर्षांत. पैसा कुठला? बंगालचा. हा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, मुर्शिदाबादच्या दरबारी कंपनीचा रेसिडेंट होता. थोड्याच वर्षांत एवढं कमावलं की परत येऊन ही जहागीर घेतली. दादानं आईला हे सांगितल्यावर आईनं छताची नक्षी बघत बघत विचारलं, “म्हणजे आमच्याच पैशानं बांधलं की. मग आम्हाला कशाला कार्ड लागतंय?” खुर्चीतल्या बाईंना मराठी येत नव्हतं, बरं झालं.

पुढची गोष्ट मला जास्त लागली. विसाव्या शतकात हे घर ओस पडलं. महायुद्धात लष्कराच्या ताब्यात होतं, नंतर जवळजवळ पडायला आलेलं. १९५० नंतर आयलिफ नावाच्या एका श्रीमंत जोडप्यानं ते घेतलं आणि खोली खोली करून उभं केलं. दरवाजे गेले होते. मग जॉन कार या त्याच वास्तुकारानं बांधलेलं, पाडायला काढलेलं दुसरं एक घर शोधून तिथले दरवाजे आणून इथे बसवले. तंतोतंत बसले म्हणे. १९७८ मध्ये हे सगळं त्यांनी ट्रस्टला देऊन टाकलं.

घर बघून चहाला बसलो. स्कोन नावाची एक जाड बिस्किटासारखी पाव-भाकरी मिळते, तिच्यावर दाट साय आणि जॅम लावून खातात. आईला साय आवडली, भाकरी नाही. सगळं छान चाललं होतं. मग दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, “बघ, पडलेलं घर. तरी उभं केलं की नाही? मनावर घेतलं तर होतंय.”

वर्षभर जे फोनवर बोलले नव्हते ते तिथे बोलले. “दादा, इथे कार्ड आहे, ट्रस्ट आहे, चहाचं दुकान आहे, खोलीगणिक एक माणूस बसलाय. आपल्या घरात मी आहे. एकटी. तू फोटो मागतोस, मी पातेली मांडतो.”

आवाज चढला असणार, कारण शेजारच्या टेबलावरचं कुटुंब आपापल्या कपात बघायला लागलं. वहिनीनं भाचीच्या गालावरची, नसलेली, साय पुसली. दादा उठून ट्रे ठेवून आला. आई म्हणाली, “चला, मुलं कंटाळलीत.” मुलं मुळीच कंटाळली नव्हती.

खरं तर तिथूनच घरी जायचं. पण दुसरी जागा दादानं आईसाठी म्हणून आधीच ठरवली होती, आणि आता ती रद्द करणं म्हणजे भांडण झालं हे कबूल करणं. म्हणून गेलो. पँगबोर्नपाशी थेम्सवर एक अरुंद पूल आहे, त्यावर टोल द्यावा लागतो. “इथंपण?” आई म्हणाली. गाडीत तेवढंच बोलणं झालं. मग चढ लागला, चिल्टर्नच्या टेकड्यांचा. दोन्ही बाजूंना उंच बीचची झाडं, आणि झाडांखाली जमिनीवर निळंजांभळं धुकं उतरल्यासारखी ब्लूबेलची फुलं. मेच्या सुरुवातीला थोडे दिवसच असतात. आम्ही दोघी बहीणभाऊ एकेका खिडकीतून बघत होतो, आपापली.

आकाशात घारी होत्या. आईनं त्या आधी ओळखल्या. “घार बघ, आमच्या बाजारपेठेवर फिरते तशी.” हिची शेपटी जास्त दुभंगलेली आणि रंग तांबूस. ही तांबडी घार इंग्लंडमधून मारून मारून संपवली होती. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून याच टेकड्यांत सोडली, आणि आता गावोगाव दिसते. भाच्याला शाळेत शिकवलं होतं. त्यानं इंग्रजीत सांगितलं, दादानं आईला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, “आधी मारायचं, मग आणायचं. कामं नाहीत होय ह्यांना?” गाडीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

गावाचं नाव स्टोक रो. एक लांबलचक रस्ता, दोन्हीकडे घरं, आणि रस्त्याच्या कडेलाच हिरवळीवर एक घुमटी. लोखंडी खांब, वर घुमट, लाल-निळा-सोनेरी रंग. बनारसच्या घाटावरची एखादी छत्री उचलून कुणीतरी तिथे ठेवली असावी तशी. खाली विहीर, विहिरीवर पाणी ओढायचं लोखंडी यंत्र, आणि यंत्राच्या डोक्यावर सोनेरी हत्ती. घुमटाखाली कडेनं इंग्रजीत कोरलंय की ही विहीर हिंदुस्थानातल्या बनारसच्या महाराजांनी दिली.

आई जवळ जाऊन वाकली. तोंडावर झाकण आहे. तिनं हातानं रुंदी मापली. “विहीर कसली, आड आहे हा. आमच्याएवढाच रुंद.”

रुंदी चार फूट. खोली मात्र ३६८ फूट. कुतुबमिनार २३८ फूट आहे, म्हणजे तो उलटा करून आत सोडला तरी वर अर्धा मिनार मावेल. आमचा आड पस्तीस फूट, त्यात दोर सोडताना आम्ही दमायचो. आणि हा सगळा हातानं खोदलेला. कुदळ-फावडं, बादलीनं माती वर. १८६३ मध्ये खोदाई सुरू झाली आणि २४ मे १८६४ ला, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, गावाला खुली झाली.

एवढं खोल का, हे भाच्यानं विचारलं. इंग्लंडात तर सारखा पाऊस. पण या टेकड्या खडूच्या दगडाच्या आहेत. पडलेलं पाणी सगळं झिरपून खाली जातं. वर ओढा नाही, नदी नाही. माथ्यावरच्या गावांना पाणी म्हणजे मातीच्या डबक्यांतलं, पावसाचं साठवलेलं, आणि तेही उन्हाळ्यात संपायचं. खाली दिसते ती थेम्स, आणि वर प्यायला पाणी नाही. अशी गावं आपल्याकडे धरणाच्या वरच्या अंगाला असतात.

मग राजाचा संबंध कुठे आला? जवळच्या इप्सडेनचा एडवर्ड रीड नावाचा माणूस कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता, उत्तरेकडे, आताच्या उत्तर प्रदेशात. तिथे त्यानं १८३१ मध्ये आझमगडच्या बाजूला लोकांसाठी विहीर खोदवून दिली होती. काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्याशी त्याची ओळख. बोलता बोलता त्यानं आपल्या गावाकडची पाणीटंचाई सांगितली. एका पोरानं घरातलं शेवटचं पाणी पिऊन टाकलं म्हणून आईनं त्याला मारलं होतं, ते त्यानं लहानपणी बघितलेलं. महाराजांच्या हे लक्षात राहिलं. रीड निवृत्त होऊन परत गेल्यावर त्यांनी विहिरीचा सगळा खर्च दिला.

दादा हे आईला वाचून सांगत होता. ‘पोराला आईनं मारलं’ इथे आला आणि थांबला.

१९९५ ची गोष्ट. बेळगावात पाण्याचे भयंकर हाल झाले होते. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. राकसकोपला तळ दिसतोय असं बाबा म्हणायचे. नळ आल्यापासून आमच्या आडाकडे कुणी बघितलं नव्हतं, तळाला गाळ, वर पिंपळ उगवलेला. मी दहा वर्षांची, दादा चौदा. एके दुपारी खेळून आला आणि पिण्याच्या कळशीत उरलेलं पाणी तोंडावर मारून घेतलं. आईनं फुंकणीनं मारलं त्याला. नंतर दारामागे बसून रडलीपण, ते मी बघितलं होतं, त्यानं नव्हतं. पुढच्या आठवड्यात बाबांनी माणसं लावून आडाचा गाळ काढला. शहरातल्या इतरही जुन्या विहिरी तेव्हा उपसल्या गेल्या. पाणी लागलं. मग गल्लीतली माणसं पहाटेपासून परड्यात रांगेनं, आणि दादा कप्पीवर. हाताला फोड येईपर्यंत तो लोकांच्या घागरी भरत होता. त्याच्यासाठी ते ‘बाबांचं घर’ म्हणजे तो उन्हाळा असणार, हे मला तिथे, त्या परक्या गावात उभी असताना सुचलं. आधी का नाही सुचलं ते माहीत नाही.

आई म्हणाली, “तुला आठवतंय?”

“काय?” दादा म्हणाला.

“काय न्हाई.”

त्याला आठवत होतं. मला कळलं, आईलाही कळलं.

मग आम्ही मागच्या बाजूला गेलो. तिथे राखणदारासाठी बांधलेलं चिमुकलं घर आहे, बाहुलीच्या घरापेक्षा थोडंसंच मोठं वाटावं असं. शेजारच्या बागेला त्या वेळी ‘ईश्री बाग’ असं महाराजांचंच नाव दिलेलं, आणि माशाच्या आकाराचं एक तळं, त्याचं नाव चक्क ‘मछली पोखरा’. बागेत चेरीची झाडं लावलेली. ती शोभेसाठी नव्हेत. चेऱ्या विकून येईल त्या पैशातून विहिरीची देखभाल व्हावी म्हणून. म्हणजे पाणी गावाला फुकट, आणि राखणदाराची सोय झाडांवर.

दादा फलक वाचत वाचत इथे आला तेव्हा त्याचा आवाज हळू झाला. मी काही बोलले नाही. खरंच नाही बोलले, जिभेवर आलं होतं तरी.

बोलली आई. “राजा शहाणा होता. नुस्ता आड दिला असता तर ह्यांनी कवाच बुजवला असता. राखणाऱ्याला घर दिलं, झाडं दिली, म्हणून ऱ्हायला.” आणि नातीचा हात धरून तळं बघायला निघून गेली. वर्षभरात घराबद्दल ती बोलली असेल तर एवढंच, आणि तेही बनारसच्या राजाबद्दल.

राजा फार थोर होता असं मला म्हणायचं नाही. १८५७ मध्ये तो इंग्रजांच्या बाजूनं राहिला होता, आणि अशा देणग्यांत स्वतःची पत वाढवायचा हिशेब असतोच. त्याच्या राज्यात तहानलेली गावं नव्हती असंही नाही. सकाळी बंगालच्या पैशाचं घर बघायचं आणि दुपारी बनारसच्या पैशाची विहीर, हे एका दिवसात जरा जास्तच झालं. पण साइक्सच्या घरात फिरताना मी पाहुणी होते, इथे नव्हते. पुढे नळाचं पाणी आलं आणि विहीर वापरातून गेली, तरी गावानं ती बुजवली नाही. १९६४ मध्ये शंभर वर्षं झाली तेव्हा राणीचे पती प्रिन्स फिलिप समारंभाला आले होते.

परत निघताना मुलं आणि वहिनी पुढे गेली. दादा गाडीपाशी किल्ली हातात घेऊन उभा राहिला, दार उघडेना.

“कौलं परतायला किती घेतो आता माणूस?”

मी आकडा सांगितला. त्यानं मनातल्या मनात पौंडात केला, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

“आणि वर्षातनं किती वेळा?”

“एकदा. पण तो तीनदा फिरवतो. वासे बदलायचे तर सुतार वेगळा. आडावरची जाळी गंजलीय, मांजर पडलं होतं गेल्या वर्षी, ते काढायला अग्निशमनची माणसं बोलावली.”

“मांजराचं सांगितलं नाहीस.”

“तू विचारलंस कधी?”

थोडा वेळ गेला. वर घार फिरत होती. मग म्हणाला, “त्याचा नंबर दे मला. कौलंवाल्याचा.”

मी दिला. बॅगेतली कागदपत्रं तशीच परत आली, विनासहीची. त्यांच्यात भाचीनं ठेवलेली नॅशनल ट्रस्टची छोटी पेन्सिल निघाली.

माझं मत बदललेलं नाही. घर विकावं असंच मला अजून वाटतं आणि दादाला मी तसं स्वच्छ सांगितलंय. दिवाळीत तो येणार आहे, तेव्हा बसून काय ते ठरवू, आईसमोर. आता आठवड्यातून दोनदा फोन येतो आणि आई तो माझ्याकडे देते. जूनच्या पहिल्या आठवड्यात, मिरगाच्या आधी, कौलंवाला न सांगता दारात हजर. चौदा वर्षांत पहिल्यांदा. वर चढल्यावर त्यानं तिथूनच रेडिंगला फोन लावला आणि मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, दादाकडे माझी तक्रार केली, “तुमची भण शिडी धरायला येत न्हाई बघा.”

मी शिडी धरायला गेले.